सोळा पावलं

"तीन उद्दिष्टं हवीत, आजी. एक शरीराचं, एक आत्म्याचं, एक मनाचं. तीन म्हणजे तीन." नर्स रासेला चटईवर मांडी घालून बसली आणि तिनं कागद गुडघ्यावर ठेवला.

म्हातारी लेपेका चुलीकडे तोंड करून बसली होती. गेले तीन महिने ती अशीच बसायची, रस्त्याकडच्या अंगणाकडे पाठ करून. आमच्या सामोआतल्या जुन्या घरांना भिंती नसतात, नुसते खांब असतात. अंगणात जे असेल ते उठता-बसता डोळ्यांसमोर येतं. लेपेकाच्या अंगणात लोसाची कबर होती.

लोसा तिची नात. सात वर्षांची. पोटात दुखतंय म्हणाली, म्हणून लेपेकानं दोन दिवस तेलानं पोट चोळलं, पाला बांधला. निम्म्या गावाला त्याच हातांचा गुण आलेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आत फुटलंय, फार उशीर केलात.

त्यानंतर म्हातारीनं कुणाच्या अंगाला हात लावला नाही. चालणंही सोडलं. पाय सुजले, साखर चढली, म्हणून दर मंगळवारी ही रासेला आणि तिचा कागद.

"लिही," लेपेका म्हणाली. "समोर जायचंय मला. पोरीकडे."

"वा! हे शरीराचं झालं. किती पावलं असतील गं, सिनालेई?"

सिनालेई म्हणजे सून, लोसाची आई. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करताच म्हणाली, "सोळा."

"आणि आत्म्याचं काय लिहू?"

"तेच."

"मनाचं?"

"तेच लिही म्हणते ना! कागद भरायला आलीस का माझं डोकं खायला?"

रासेला हसली. "साहेब म्हणतील, नर्सनं कामचुकारपणा केला. बरं बाई, तेच लिहिते. आपण हळूहळू जाऊ. या आठवड्यात दोन पावलं, पुढच्या..."

"आज जायचं," लेपेका म्हणाली. "सिनालेई, पेटीतली बारीक विणीची चटई काढ."

"लग्नातली?"

"तीच."

सिनालेईनं ती काढली. जुनी, कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसं. कबरीवर घालायची असेल, असं तिला वाटलं. आमच्याकडे घालतात तशी.

एका बगलेत रासेला, दुसऱ्या बगलेत घडी केलेली चटई. म्हातारी निघाली तशी शेजारच्या घरातल्या बायकांनी हातातलं विणकाम टाकलं.

"अगं बाई, लेपेका उठली!"

"धरा गं तिला, नाहीतर नाचत सुटायची!"

रासेला मोठ्यानं मोजू लागली, मग बायकाही मोजू लागल्या. सात. आठ. अकराव्याला म्हातारी थांबली. कपाळावर घाम आला होता.

"बसायचं का थोडं?"

"ओढू नकोस नुसती. बैल नाही मी."

पंधरा. सोळा! बायकांनी टाळ्या वाजवल्या. रासेलाला तर रडूच फुटलं. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्याच दिवशी उद्दिष्ट गाठणारी बाई तिनं पाहिली नव्हती. "जमलं, आजी! जमलं की हो!"

लेपेकानं चटई कबरीवर घातली नाही. ती कबरीसमोर मातीत बसली, गुडघे मोडून, कष्टानं. चटई उलगडली आणि डोक्यावरून ओढून घेतली. पार झाकून गेली.

टाळ्या थांबल्या.

आमच्याकडे कुणाच्या हातून कुणाचा जीव गेला, की मारणारा असाच चटईखाली, मान खाली घालून, मेलेल्याच्या घरच्यांसमोर बसतो. ऊन असो, पाऊस असो. घरच्यांनी येऊन चटई उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रस्त्यावरून बस येत होती, तिच्या ड्रायव्हरनं गाणी बंद केली आणि गाडी चालण्याच्या वेगानं पुढे नेली.

"आई!" सिनालेई धावत आली. तिनं चटईची कड धरली. "हे काय मांडलंय तुम्ही? उठा बरं. मी उचलते."

"सोड."

"मी आई आहे तिची. माझा हक्क आहे."

"तू त्याच दिवशी माफ केलंस मला. तुझ्याकडे नाही आले मी." चटईच्या आतून आवाज येत होता, दमलेला, पण ठाम. "माझे हात तिच्या पोटावर होते. आजी, नको गं, दुखतंय, म्हणत होती. मी म्हटलं, थांब, बरं वाटेल. तिनंच उचलायची ही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

सिनालेईच्या हातातून कड सुटली. ती कबरीकडे बघत राहिली.

सिनालेईचा नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला. घरात त्या दोघीच.

मग सिनालेई खाली बसली.

"सरका थोडं," ती म्हणाली.

"काय?"

"सरका, आई. इस्पितळाची बस दारावरून जाते. मी तिला बसमध्ये नाही घातली. उचलून तुमच्यापुढे आणून ठेवली. दोन दिवस."

मग चटईची कड जराशी वर झाली आणि सिनालेई वाकून आत गेली.

ऊन चढलं. बायका हलल्या नाहीत, रासेलाही नाही. चटईखाली आता दोघी होत्या, आणि ती उचलायला घरातलं कुणी बाहेर उरलं नव्हतं.