सात नंबर

विरूपाक्षअप्पा बॅग घेऊन लॉजच्या पायऱ्या चढताना दिसले आणि हणमंतराव काउंटर सोडून जवळजवळ धावतच दारात गेले. मुरुडचे अप्पा शिलाई मशीनचे सुटे भाग विकायचे. माल घ्यायला एकोणीस वर्षं दर महिन्याला नांदेडला यायचे आणि हणमंतरावांकडे सात नंबरलाच उतरायचे. गेले तीन महिने मात्र ते फिरकले नव्हते. हणमंतरावांनी काळजीनं फोन केला तेव्हा अप्पा म्हणाले, गुडघे पार गेलेत, आता प्रवास झेपत नाही. तेव्हापासून सात नंबर बंदच होता.

हणमंतरावांनी बॅग स्वतः घेतली, बायकोला, साखराबाईंना, आत हाक मारून बिनसाखरेचा चहा टाकायला सांगितला आणि खिळ्यावरची किल्ली काढली. कालच लॉजवाल्यांच्या बैठकीत त्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की, हे फ्लॅट भाड्यानं देणारे मोबाईलवाले फार तर येणारं-जाणारं गिऱ्हाईक नेतील. त्यांना ना पोलिसांचं रजिस्टर, ना आगीचा दाखला, मग स्वस्त पडणारच. पण जुनं माणूस कुठं जात नाही. हे बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढं अप्पाच होते.

"खोली नको," अप्पा म्हणाले. "बॅग तेवढी चारपर्यंत राहू द्या. आन् जरा बाथरूमला जाऊन येतो."

मग खुर्चीत टेकून त्यांनी सगळं मोकळेपणानं सांगितलं. लेकीनं, तनुजानं, मोबाईलवरून एका फ्लॅटमध्ये खोली बघून दिली होती. मागच्याच गल्लीत. ही तिसरी खेप. सगळं झकास, फक्त दहाच्या आत खोली सोडावी लागते आणि एसटी तर चारला. मग बॅग घेऊन हिंडायचं कुठं?

"तिसरा मजला हाय, लिफ्ट न्हाई," अप्पा म्हणाले. "पण गॅलरीतून तुमचा बोर्ड दिसतो बघा. आन् लई घरच्यासारखं वाटतं."

हणमंतरावांची नजर अप्पांच्या गुडघ्यांवर गेली आणि तिथंच राहिली. याच माणसाला टायफॉइड झाला तेव्हा साखराबाईंनी आठ दिवस मऊ भात करून घातला होता. त्याला घरच्यासारखं आत्ता कुठं वाटायला लागलं होतं. हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली, काउंटरमागं जाऊन रजिस्टर उघडलं आणि पेन काढलं.

"आधार कार्ड द्या."

थट्टा समजून अप्पा हसले. हणमंतराव हसले नाहीत. अनोळखी माणसाचं कार्ड बघावंच लागतं, म्हणाले. अप्पांनी दोन-तीन खिसे चाचपून कार्ड काढलं. हणमंतरावांनी त्यावरचं नाव सावकाश उतरवून घेतलं, गाव विचारलं, येण्याचं कारण विचारलं. मग बाथरूमसाठी सात नंबरची किल्ली पुढं सरकवली.

अप्पांना आत बराच वेळ लागला. सात नंबरच्या बाथरूममध्ये जुना देशी संडास राहिला नव्हता. तिथं नवाकोरा कमोड बसवलेला होता, शेजारी भिंतीत धरून उठायला स्टीलचा दांडा. झाकणावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं.

ते बाहेर आले तेव्हा चहा काउंटरवर गार होत होता. त्यांनी कपाला हात लावला नाही.

"हे कधी केलं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

हणमंतरावांनी रजिस्टरवरून मान वर केली नाही.

"दोन महिने झाले. आमचं एक जुनं गिऱ्हाईक हाय मुरुडचं. गुडघे गेलेत त्याचे. यायचंय अजून."