या वेळी वळायचं नाही

श्राद्धाचं पान वाढायच्या आधी कुमुदवहिनींनी दिघ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. विणलेल्या टेबलक्लॉथवर जॉयस्टिक ठेवली होती.

"भाच्याने एकाहत्तरच्या लढाईचा गेम घालून दिलाय. पुढचं विमान ह्यांचं, ते कॉम्प्युटर उडवतो. मागचं तुमचं. या वेळी वळायचं नाही, भाऊजी."

दिघ्यांनी जॉयस्टिक हातात घेतली. खऱ्या लढाईत त्या दिवशी विमानातलं इंधन संपत आलं म्हणून ते माघारी फिरले होते. वहिनींचा नवरा एकटा पुढे गेला, तो गेलाच. तेव्हापासून दरवर्षी दिघे या घरी श्राद्धाची खीर खायला येत आणि वहिनी चकार शब्द न काढता वाढत.

नदी ओलांडली तसा इंधनाचा काटा लाल रेघेला टेकला. दिघ्यांचा हात आपसूक डावीकडे झुकला.

"सरळ," वहिनी खुर्चीमागून म्हणाल्या.

ते सरळ गेले. वरून शत्रूची विमानं तुटून पडली. पुढचं विमान पेटलं आणि मागोमाग त्यांचंही.

पडदा काळा झाला. दिघ्यांना एकदम हलकं वाटलं. इतकी वर्षं त्यांना हेच तर सांगायचं होतं.

"पाहिलंत ना, वहिनी? मी वळलो नसतो तरी तो वाचला नसता. दोघंही गेलो असतो."

"ते मला कधीच कळलंय. रोज खेळते मी." वहिनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून हसल्या. "मला तुम्हाला पडताना बघायचं होतं. चला, पान वाढते."