अंगठीचा ठोका

शोभेच्या माशांच्या दुकानदाराची एक खोड होती. पेलाभर पाण्यात कोंबलेला फायटर मासा निपचित दिसला आणि गिऱ्हाईक कुरकुरलं, की तो पेल्यावर अंगठी आपटायचा. टक्, टक्. मासा दचकायचा.

"बघा ताई, हलला! मेलाय कसला, सोंग करतोय मेला."

त्या दिवशी मात्र ताई तोंड फिरवून निघून गेल्या. त्याने चिडून तो जिवंत मासाच कचऱ्याच्या बादलीत फेकला, काचेचं दार लावून घेतलं आणि खुर्चीत अंग टाकलं.

टक्, टक्.

अंगठी तर त्याच्याच बोटात होती. दाराबाहेर भरदुपारचा रिकामा रस्ता. पेल्यापेल्यातला मासा मात्र त्याच्याकडे तोंड करून थांबला होता.

ओरडायला त्याने तोंड उघडलं. ते नुसतंच उघडत, मिटत राहिलं.

टक्, टक्.

त्याचं अंग आपोआप दचकलं.

"बघा ताई," काचेपलीकडून कुणीतरी लाडीगोडीने म्हणालं, "हलला!"