पाठीची बटणं

पाळणाघरातल्या ताईंचा दंडकच होता, आपलं आपण करायचं. चिल्लीपिल्ली बूट आपापले घालायची, डबे आपापले उघडायची. घोडं अडायचं ते रंगकामाच्या एप्रनपाशी, कारण त्याची बटणं पाठीला. त्यावरही ताईंनी तोड काढली होती. सगळ्यांनी रांग करायची आणि मागच्याने पुढच्याची बटणं लावायची. "हलायचं नाही हं!" असं दटावत ताई रांगेच्या शेवटी, कारण शेवटच्याच्या मागे कोणी नसतं.

आज फोटोचा दिवस. भर उकाड्यात ताई शाल गच्च लपेटून आल्या.

"अहो, बरं नाही का?" मदतनीस मावशींनी विचारलं.

"अंग कसकसतंय जरा."

मावशी दूध तापवायला आत गेल्या, तशी ताईंनी टाळी वाजवली. "चला रे, एप्रन घ्या! आज रांग नको, गोल करू."



मुलांच्या गोलात ताईंनी फतकल मारली, शाल काढून ठेवली आणि नवरा गेल्यापासून कपाटातच लटकलेल्या त्या ड्रेसची पाठीवरची चेन वर सरकू लागली, तसा मागून चिमुकला आवाज आला, "ताई, हलायचं नाही हं!"