निम्मा डाव

“राणी, दश्शी, नव्वी. अशी पानं आली की तिथेच ठेवून द्यायची,” थोरला म्हणाला. “भारीत कमी पडतात, हलक्यात जड होतात. कुठलीच नाहीत ती.”

धाकट्याने पानं पालथी टाकली. “आणि राजे आले तर?”

“राजे फक्त निम्मं मिळवून देतात. निम्म्यासाठी खेळायचं नाही.”

पोकरचा हा प्रकार बाबांनी शिकवला होता. लहानपणी दोघं भांडत, म्हणून मुद्दाम असा निवडला होता की मधला ढीग वाटला जाईल. प्रत्येकाला सात पानं, चार उघडी आणि तीन झाकलेली. त्यातल्या सर्वांत भारी पाच पानांना अर्धा ढीग, सर्वांत हलक्या पाचांना अर्धा. हलक्यात आठाच्या वरचं पान चालत नाही. एक्का दोन्हीकडे चालतो.

ढीग बटणांचा होता. आईच्या शिवणाच्या डब्यातली, प्रत्येकी चाळीस. ज्याची आधी संपतील, तो बाबांना किडनी देणार होता.

डॉक्टरांनी चौघांसमोर सगळं स्पष्ट केलं होतं. ते रक्ताच्या नात्यातलीच किडनी घेत. जुळणीचे सहा घटक तपासायचे. पैकी तीन बापाकडून मुलाकडे येतातच, त्यामुळे मुलगा म्हणजे निम्मा जुळलेला. “दोघांपैकी कुणीही चालेल,” असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले होते.

तपासण्या थोरल्याच्या प्रयोगशाळेत झाल्या. तो तिथला तंत्रज्ञ. धाकट्याचा नमुना त्याने एकदा तपासला, स्वतःचा तीनदा. घरी येऊन म्हणाला, “दोघंही चालतो.” त्यानंतर आठ दिवस तो या विषयावर एक शब्द बोलला नाही.

धाकटा क्रेन चालवत असे. एक किडनी गेली की वैद्यकीय दाखला मिळणार नव्हता आणि दाखल्याशिवाय केबिनमध्ये चढता येणार नव्हतं. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला होता. थोरला एकटा, दिवसभर खुर्चीत बसणारा, वर्षातून दोनदा रक्तदान करणारा. बाबा नर्सना कौतुकाने सांगत, “हा थोरला अगदी माझ्यावर गेलाय. याला सर्दीसुद्धा होत नाही.” कुणी द्यायची, हे कुणालाही कळण्यासारखं होतं. थोरल्याला ते कळत नव्हतं, एवढंच.

शेवटी धाकटा म्हणाला होता, “नाणं उडवू.”

“नको,” थोरला म्हणाला होता. “नाण्यात आपल्या हातात काहीच राहत नाही.”

तेव्हा आईने बटणांचा डबा आणून टेबलावर ठेवला. “पत्त्यांवर ठरवा,” ती म्हणाली. एरवी ती दोघांच्या भांडणात कधी पडत नसे.

“वा, आई. पत्त्यांत कोण जिंकतो ते तुला माहीत आहे,” धाकटा म्हणाला.

“मी शिकवतो तुला,” थोरला म्हणाला. “मला येतं ते सगळं.”

दोन दिवस त्याने खरोखर शिकवलं. काही लपवलं नाही. एक्का आणि त्याच्यासोबत लहान पानं असतील तरच पुढे जायचं. भरपूर डाव खेळायचे. डाव जितके जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी. आणि समोर एकच गडी असेल तर निम्मा ढीग म्हणजे आपलंच परत: जिंकण्यासारखं काही नाही, हरण्यासारखं सगळं.

आता दुपारचा एक वाजला होता. बाबा चारपर्यंत डायलिसिसवर होते. सरावाची पानं गोळा करून थोरल्याने खरा डाव वाटला.

दोन तासांत धाकट्याकडे बावीस बटणं उरली. थोरला बहुतेक वेळा पानं टाकून देई. खेळे तेव्हा घेऊन जाई.

“तुझं बरं आहे, दादा. आधी मारायचं, मग कसं मारलं ते समजावून सांगायचं.”

“पान उचल.”

पुढच्या डावात धाकट्यापुढे दोन राजे उघडे पडले. तिसरा झाकलेल्यांत होता. थोरल्यापुढे दुर्री, चौकी, पंजी, सत्ती. हलका अर्धा त्याचा, हे दिसतच होतं.

थोरल्याने सहा बटणं सरकवली. धाकट्याने सहा टाकली.

थोरल्याने आणखी आठ टाकली. “सोड,” तो हळूच म्हणाला. “काय सांगितलं होतं मी?”

“घाबरवू नकोस. माझा निम्मा कुठे जात नाही.” धाकट्याने उरलेली सगळी सोळा बटणं ढिगात लोटली आणि तीन राजे दाखवले.

थोरल्याने आठांत आठ मिळवली. मग झाकलेली पानं एकेक करून उलटली. गुलाम. तिर्री. एक्का.

एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी. याहून हलकं काही नसतं. आणि सलग ओळ म्हणून तीन राजांहून भारी.

आई बटणं डब्यात भरू लागली. तिने थोरल्याकडे पाहिलं नाही.

“एकदा तरी म्हणायचं होतंस, मी देतो म्हणून,” धाकटा म्हणाला. “मीच कदाचित नको म्हटलं असतं.”

थोरला पानं मोजत होता. “बावन्न आहेत,” तो म्हणाला.

“बाबांना तूच सांग. तुझ्यावर जीव आहे ना त्यांचा.”

“सांगतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी प्रयोगशाळेत गेला. धाकट्याचा अहवाल त्याने हॉस्पिटलच्या पाकिटात घातला: सहा ओळी, तीन ओळींपुढे बरोबरची खूण. पाकीट चिकटवलं. मग कपाटातून स्वतःचे तीन कागद काढले, शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले आणि एकामागून एक कागद कापायच्या यंत्रात सोडले. तिन्हींवर तशाच सहा ओळी होत्या, आणि एकाही ओळीपुढे खूण नव्हती.