रेघेला आलेलं पाणी

क्रूझवर पाय ठेवल्यापासून अण्णा घुश्शात होते. झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी दिलेलं मशीन लेकीने हट्टाने सोबत घेतलं होतं. "सहलीला आलोय की दवाखान्यात?" ते कुरकुरले. रात्री झोपायच्या वेळी केबिनवाल्याने मशीनसाठी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून दिला, तो बघून मात्र अण्णा उठून बसले. चाळीस वर्षं दुकानात त्यांनी हेच पाणी गाड्यांच्या बॅटऱ्यांना पाजलं होतं. त्यांनी मशीनच्या डब्यात धार धरली, लेक शेजारी वाकली. "पुरे अण्णा, रेघेला आलं." "शाळा सुटली की दुकानात येऊन अस्संच दरडावायचीस." "रोज दोन बॅटऱ्या भरायच्या उरलेल्याच असायच्या. मला वाटायचं, तुम्हाला काम उरकत नाही." "उरकायचं की. त्या दोन तुझ्यासाठी राखून ठेवायचो." लेकीला नळी जोडायला जरा जास्तच वेळ लागला. तोवर अण्णांनी मशीनचा मास्क स्वतःहून नाकावर चढवला होता.