गार जागा

उन्हाळा असा पेटला होता, बरं का, की नळाखाली चहापत्ती धरली असती तर चहा झाला असता! खिडक्या बंद केल्या, पडदे ओले केले, तरी घामोळ्यांनी लाल झालेली छकुली काही झोपेना. सूनबाई अगदी रडकुंडीला आली.

भर दुपारी तिने पुन्हा ओल्या फडक्याने फरशी पुसायला घेतली आणि किंचाळलीच, "आई, धावा! गार जागा सापडली!"

भिंतीकडेला फरशी बर्फासारखी गार लागत होती. सासूबाईंनी हात टेकवला. "अगंबाई, खरंच की!" सासरे तर सदरा काढून आडवे व्हायलाच निघाले.

"सरका! आधी नात, मग तुमची ढेरी!"

छकुलीला तिथे कुशीवर ठेवलं मात्र, ती गाढ झोपली. सासूबाई हरखून सरबत करायला पळाल्या, मागोमाग सासरे.

सूनबाई खुशीत लेकीकडे बघत बसली. बाकीची फरशी केव्हाच वाळली होती. ओल राहिली होती ती फक्त त्या गार जागेवर, कुशीवर झोपलेल्या बाईच्या आकाराची. गुडघे दुमडलेले, केस मोकळे, एक हात लांब केलेला. त्याच हातावर छकुलीचं डोकं होतं.

सूनबाई लेकीला उचलायला वाकली.

छकुलीचं झबलं पाठीवर हळूच दबलं. वर आलं. पुन्हा दबलं. थोपटावं तसं.

"झोपली का गं?" आतून सासूबाईंनी विचारलं.

"शूऽऽ," फरशीवरून कुणीतरी म्हणालं.